धाकाचा हिशेब

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा, वक्त्यांनी स्वतः तपासून दिलेला मजकूर.)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी याच सभागृहात उभे राहून बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नाही. मराठवाडा विद्यापीठाची बी.कॉम.ची पदवी आणि कापडाच्या गादीवर घालवलेली चव्वेचाळीस वर्षे एवढीच माझी शिदोरी आहे. त्यामुळे आत्मा आणि कर्मसिद्धांत यांवर बोलण्याचे धाडस मी करणार नाही. मी दुकानावर बोलणार आहे.

विषय कसा सुचला तेही सांगतो. मागील चातुर्मासात युवा मंडळाच्या बैठकीत एका तरुण व्यापारी बंधूने असे मत मांडले की, "काका, नोकराला भीती दाखवल्याशिवाय नोकर काम करीत नाही. बाकी सारे पुस्तकातले." सभागृहात बहुतेकांनी माना डोलावल्या. खरे सांगायचे तर माझीही मान अर्धी हलली होती. घरी गेल्यावर ती अर्धी हललेली मान मला स्वस्थ बसू देईना. म्हणून आज धाकाच्या खात्याला जमा किती आणि नावे किती, हे आपणा सर्वांसमोर मांडतो.

आपल्या मराठीत या एका भावनेला किती शब्द आहेत पाहा. धाक, वचक, जरब, दरारा, भीती, दहशत. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आईचा धाक असतो, मास्तरांचा दरारा असतो, गुंडाची दहशत असते. धाकात कुठेतरी आपलेपणा शिल्लक असतो, दहशतीत तो उरत नाही. आणि व्यापाऱ्याची खरी अडचण अशी की, आपण दाखवतो तो धाक आहे अशी आपली समजूत असते. समोरच्याच्या पोटात मात्र भीती असते. दोघांच्या वह्यांत एकच रक्कम वेगवेगळ्या खात्यांवर पडलेली असते.

आमच्या बाबूजींचा धाक गावात प्रसिद्ध होता. गादीवर बसून ते नुसते खाकरले तरी आतल्या खोलीतला पोऱ्या ताग्यांची चळत सरळ करू लागे. त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही, कोणाचा पगार एक दिवस थकवला नाही, आणि नोकराच्या घरी लग्न असले की कापड आमच्याकडून जाई, तेही बिल न करता. मी १९८१ साली दुकानात बसू लागलो तेव्हा त्यांच्याकडून धाक तेवढा उचलला. कापड पाठवायचे माझ्याकडून अनेकदा राहून जाई.

माझ्या काळात मी एक सुधारणा केली, अशी तेव्हा माझी समजूत होती. लाल पुठ्ठ्याची एक छोटी वही केली. उशिरा आला, दंड. गिऱ्हाईक हातचे गेले, दंड. कापड चुकीचे फाडले तर कापडाची पूर्ण किंमत, शिवाय वर पंचवीस रुपये दंड. ही गोष्ट १९९४ ची. त्या वेळी काउंटरवरच्या मुलाला महिना सातशे रुपये पगार होता. वही सुरू केल्यावर वर्षभरात नोंदलेल्या चुका अगदी थोड्या झाल्या. नऊ. मी ती वही मोठ्या अभिमानाने बाबूजींना दाखवली होती.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी एक प्राथमिक शाळेचे गुरुजी दुकानात आले. जुने गिऱ्हाईक. त्यांनी पिशवीतून शर्टपीस काढला आणि हलक्या आवाजात विचारले, "शेठजी, तुमच्या दुकानाचा मीटर अलीकडे आखूड झालाय का?" एक मीटर साठ सेंटिमीटर घेतलेले कापड शिंप्याच्या टेबलावर एक मीटर पंचावन्न भरले होते. मी हसून वेळ मारून नेली, वर त्यांना नवीन पीस दिला. रात्री मात्र झोप आली नाही. आपल्या धंद्यात रंग गेला तर गिऱ्हाईक माफ करते, माप गेले तर करीत नाही.

पुढच्या आठवड्यात माळ्यावरचे जुने गठ्ठे उतरवून घेताना वर्तमानपत्रात गुंडाळलेले तुकडे सापडले. एकूण चौदा. कुठे पँटचा एक मीटर वीसऐवजी एक मीटर दहाच फाडलेला, कुठे कोपरा तिरका गेलेला. काहींना उंदरांनी कुरतडलेले होते. सगळे मिळून साडेसतरा मीटर. चूक झाली की मुलाने तुकडा लपवायचा आणि ताग्यात पडलेली तूट पुढच्या गिऱ्हाइकांकडून पाच-पाच सेंटिमीटरने भरून काढायची, असा तो व्यवहार होता. बी.कॉम.चा उपयोग मला त्या रात्री झाला. साडेसतरा मीटरला पाच सेंटिमीटरने भागा. साडेतीनशे गिऱ्हाइके. माझ्या पंचवीस रुपयांच्या दंडापायी, माझ्या नावाच्या पाटीखाली, साडेतीनशे माणसांना कमी माप गेले होते. आपल्या श्रावकाच्या व्रतांत खोटे माप हा अचौर्य व्रताचा अतिचार सांगितला आहे. तो दोष मी त्या मुलाच्या नावे टाकू शकलो असतो. पण तुकडे फाडणारे हात चार जणांचे होते, चौघांनाही माळ्यावरची जागा ठाऊक होती, आणि एकालाही मला सांगावेसे वाटले नव्हते. मुनीमजींनाही ठाऊक होते. त्यांची आणि माझी बोलाचाल रोज चौदा तास होती.

कॉलेजात 'व्यवस्थापन' या विषयात आम्हाला डग्लस मॅकग्रेगर यांचा सिद्धांत होता. माणूस मुळात आळशी असतो, त्याला दंडाच्या धाकानेच कामाला लावावे लागते, असे गृहीत धरणारा मालक म्हणजे 'क्ष' सिद्धांत. माणसाला काम करावेसे वाटते, ते वाटावे अशी परिस्थिती तयार करा, असे मानणारा मालक म्हणजे 'य' सिद्धांत. १९६० साली त्यांनी हा विचार पुस्तकरूपाने मांडला. आम्ही तो पाठ केला, दहा गुणांना लिहिला आणि विसरलो. पुढे कळले की डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ १९५० मध्ये जपानमध्ये जाऊन तेथील कारखानदारांना दर्जा राखण्याचे शास्त्र शिकवून आले आणि नंतर त्यांनी व्यवस्थापनाची जी चौदा सूत्रे मांडली, त्यांतले आठवे सूत्र कामाच्या ठिकाणाहून भीती हद्दपार करा, असे आहे. त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, आकड्यांचा होता. भ्यालेला माणूस वरिष्ठाला खरा आकडा सांगत नाही, आणि खोट्या आकड्यांवर कारखाना चालवता येत नाही. माझ्या लाल वहीतले ते नऊ, आणि माळ्यावरचे चौदा. हे समजायला मला जपानला जाण्याची गरज नव्हती, शिडी लावून माळ्यावर चढण्याची होती.

आमच्या कापडाच्या धंद्याने हा धडा फार मोठ्या प्रमाणावर पाहिलेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर असे. माणूस कामावर लावायचा तोच, काढायचा तोच, आणि त्यासाठी दस्तुरी घ्यायचा तोच. १९३१ मध्ये शाही मजूर आयोगाने अहवाल दिला, त्यात जॉबरच्या हातून हे अधिकार काढून घ्या अशी शिफारस केली होती. तरी बदली कामगार पुढेही अनेक दशके रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहत असे, आज आत घेतात की परत पाठवतात या चिंतेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत या बदली कामगारांचा प्रश्नही होता. मी तेव्हा दुकानात नवा होतो. मूळजी जेठा मार्केटमधून येणारा गिरण्यांचा माल आटला आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागाचे कापड आमच्या फळ्यांवर आले. संपाची कारणे अनेक होती, परिणाम त्याहून अनेक झाले. त्यात मी शिरत नाही. पण वर्षानुवर्षे भीतीवर चालवलेल्या ठिकाणी भीती संपते तेव्हा तिच्या जागी ठेवायला काहीच शिल्लक नसते, एवढे तेव्हा जाणवले.

परंतु मुंबई आपल्यापासून दूर आहे. आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मी बसलो, तर मी मोठी चोरी केली असे होईल.

दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगररांगांतली गावे ओस पडू लागतात. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज, आष्टी. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. माणसाची मोजदाद हत्याराने होते, यावर आपण कधी थांबून विचार केलेला नाही. निघण्याआधी मुकादम उचल देतो, पन्नास हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत. ती फिटेपर्यंत तोड करायची. हंगामात नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे.

बंधूंनो, ही उचल कुठे खर्च होते? लग्नात, दवाखान्यात, आधीच्या देण्यात, आणि आपल्या काउंटरवर. आपल्यापैकी जे कापड, किराणा, भांडी यांच्या व्यापारात आहेत त्यांची दिवाळी कोणामुळे होते हे सांगायला नको. माझ्या दुकानात कित्येक वर्षे अशी पद्धत होती की, मुकादम आपल्या टोळीतली माणसे घेऊन येई, साड्या, धोतरे, मुलांचे कपडे घेतले जात, आणि बिल मुकादमाच्या खात्यावर पडे. तो ते उचलीत धरी. मला एक पत असलेला माणूस मिळे, बारा कुटुंबांकडे वसुलीला जावे लागत नसे. व्यापारी दृष्टीने यात काही वावगे नव्हते. ती साडी त्या बाईला अखेरीस किती रुपयांना पडली, हे मी कधी विचारले नाही.

२०१९ चा उन्हाळा होता. लग्नसराई. एक ओळखीची बाई मुलीसह साडी घ्यायला आली होती. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. उभी राहवेना म्हणून तिने काउंटरचा आधार घेतला. मी स्टूल द्यायला सांगितले आणि सहज विचारले, "ताई, बरं नाही का?" ती म्हणाली, "पिशवी काढली शेठजी, दिवाळीच्या आदी. आता कटकट न्हाई." मला आधी कळलेच नाही. माझ्याकडे कामाला असलेल्या बाईंनी मला खुणेने सांगितले, गर्भाशय. मी म्हटले, "एवढ्या लवकर?" तर ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "काय करता. महिन्याला दोन-तीन खाडं पडत व्हते. मुकादम लिवून ठेवतो ना."

खाडा म्हणजे गैरहजेरी. एका दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये कापतात, असे त्या सुमारास वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. हिशेब आपणच करा. तेव्हा तोडणीचा दर टनाला अडीचशे रुपयांच्या आसपास होता. जोडप्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे धरले तर दोघांची मिळून मजुरी पाचशे. म्हणजे बाई एक दिवस पडून राहिली तर तिची मजुरी तर नाहीच, वर दोघांच्या दिवसभराच्या कष्टाएवढी रक्कम तिच्या नावे. आजारपणाला असा भाव लावला की माणूस आजाराची जागाच कापून टाकतो.

त्याच वर्षी हे प्रकरण देशभर गाजले. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्या बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शंभरात जवळपास सतरा. हे सगळे खाड्यापायीच घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. लवकर होणारी लग्ने, पालांवर पाण्याची व शौचालयाची सोय नसणे, अंगावर काढलेली दुखणी, ही कारणे आहेतच. आणि काही ठिकाणी साध्या तक्रारीसाठी आलेल्या बाईला, नाही काढली पिशवी तर कॅन्सर होईल, असे सांगण्यात आले, अशाही तक्रारी आल्या. म्हणजे एका बाजूने दंडाची भीती, दुसऱ्या बाजूने मरणाची भीती, आणि मधे एक अडाणी, थकलेली बाई. त्यानंतर खासगी रुग्णालयांनी शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असे जिल्हा प्रशासनाने ठरवले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथरावांच्या नावाचे कल्याण महामंडळ झाले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. या गोष्टींचे स्वागतच आहे. खाड्याची वही मात्र सरकारी कचेरीत नसते, ती मुकादमाच्या खिशात असते.

आणि मुकादमाला खलनायक ठरवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मी कित्येक मुकादम जवळून पाहिले आहेत. कारखान्याकडून किंवा वाहतूक ठेकेदाराकडून उचललेल्या रकमेला तो स्वतः जबाबदार असतो. टोळीतल्या चार कोयत्यांनी दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन तोंड फिरवले, तर त्याची जमीन जाते. माझ्या ओळखीच्या एकाने त्यापायी दीड एकर विकली. तो टोळीला भितो, ठेकेदाराला भितो आणि ती भीती खाली पाठवतो. भीतीचा हा गुण आहे, ती उतारावरून वाहते आणि सर्वांत खालच्या माणसाच्या अंगणात साचते. तिथे बहुधा एक बाई असते.

त्या दुपारी साडी घेऊन ती गेली. पैसे तिने रोख दिले. मी कपाट उघडले आणि पंचवीस वर्षांपूर्वी बंद केलेली माझी लाल वही शोधून काढली. का ठेवली होती कोण जाणे, व्यापाऱ्याला वह्या टाकवत नाहीत. आकाराने ती मुकादमाच्या वहीएवढीच होती. खिशात मावणारी.

इथे कायद्याचीही एक माहिती देतो, कारण आपल्यापैकी अनेकांना ती नसावी, मला नव्हती. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडाला वेतनाच्या प्रमाणात मर्यादा घातली. पुढे ती तीन टक्के झाली आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती तशीच ठेवली आहे. दहा हजार पगार असेल तर महिन्याला जास्तीत जास्त तीनशे रुपये. दंड करण्यापूर्वी माणसाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, त्याची नोंदवही ठेवावी लागते, आणि जमलेली रक्कम मालकाच्या गल्ल्यात न जाता कामगारांच्याच हितासाठी वापरावी लागते. नुकसानीची किंमत कापायची असली तरी आधी खुलासा मागावा लागतो. १९९४ मध्ये सातशेच्या पगारावर तीन टक्के म्हणजे एकवीस रुपये. माझा एका चुकीचा दंड पंचवीस होता. तेव्हा तो कायदा आमच्यासारख्या दुकानाला लागू होता की नव्हता, हा वाद वकिलांसाठी सोडू. जे इंग्रजांच्या राज्यात कारखानदाराला शोभत नाही असे ठरले होते, ते मी श्रावकाच्या गादीवर बसून करीत होतो, एवढे मला पुरेसे आहे.

आता आपण विचाराल, वही बंद केल्यावर काय झाले? लोकांनी चुका करण्याचे सोडले नाही. उलट, चूक सांगितली तर एक रुपया कापणार नाही असे मी जाहीर केले, आणि पहिल्या सहा महिन्यांत सदतीस चुका माझ्यासमोर आल्या. बाबूजी तेव्हा हयात होते. ते म्हणाले, "बघ, धाक सुटला." मीही डळमळलो. पण नोंदी ठेवायची सवय होती म्हणून प्रत्येक चुकीपुढे वार आणि वेळ लिहीत गेलो. सदतीसपैकी सव्वीस चुका आठवडी बाजाराच्या दिवशी झालेल्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक दुपारी एकनंतर.

बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात नोकरांना जेवायला साडेचारशिवाय सोडले जात नसे. गिऱ्हाईक उभे असताना जेवायला जायचे नाही, हा पिढ्यानपिढ्यांचा नियम होता. कोणी मुद्दाम केलेला नव्हता. सकाळी सातला घरून निघालेला मुलगा साडेचारपर्यंत चहावर उभा, आणि त्याच्या हातात कात्री.

बंधू-भगिनींनो, अहिंसा व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत. बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी तोडणे. मी लहानपणापासून ते म्हणताना डोळ्यांसमोर बैल आणीत असे. आपण बैल ठेवत नाही, म्हणून ही पाच वाक्ये आपल्याला लागू नाहीत असे कुठेतरी मनात होते. पाचवा अतिचार माझ्या दुकानात दर आठवड्याला दुपारी एक ते साडेचार चालला होता. तसेच शास्त्रात सात भये सांगितली आहेत, त्यांच्या एका गणनेत आजीविका भय येते. पोट भरण्याचे साधन जाईल याचे भय. त्या गणनेत ते मरणभयाच्या पंक्तीला बसवले आहे, याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आम्ही जेवणाच्या पाळ्या लावल्या. बारा ते दोन, अर्धा-अर्धा तास. गर्दीत दोन माणसे कमी पडत, तेव्हा मी स्वतः कात्री घेऊन उभा राहू लागलो, आणि पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक साडीचा फॉल-पीस व दोन शर्टपीस चुकीचे गेले. मुलांना त्याचा फार आनंद झाला. पुढच्या सहा महिन्यांत चुका बारावर आल्या. बाबूजी काही बोलले नाहीत, पण बाजाराच्या दिवशी दुपारी घरून वरणाची बादली पाठवायला त्यांनीच सुरुवात केली.

याचा अर्थ शिस्त नको असा कोणी घेऊ नये. पुढे एका माणसाने गल्ल्यात हात घातला. त्याला समोर बसवून हिशेब दाखवला आणि त्या महिन्याचा पूर्ण पगार देऊन निरोप दिला. गावात त्याची वाच्यता केली नाही. काही बंधूंना हे चुकीचे वाटले, वाटू द्या. तुकडे लपवणारा जो मुलगा होता, तो मात्र माझ्याकडे आणखी एकोणीस वर्षे होता. आज त्याचे स्वतःचे कापड दुकान आहे, आमच्यापासून चार दुकाने सोडून. स्पर्धा करतो. मापात चोख आहे, हे मला मान्य करावे लागते.

नव्या पिढीच्या पद्धती वेगळ्या आहेत. लाल वही गेली, भिंतीवर कॅमेरा आला. उशिरा येणाऱ्याचे नाव मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये सर्वांसमक्ष टाकले जाते. महिन्याचे टार्गेट असते. मी या गोष्टींना सरसकट नावे ठेवणार नाही, माझ्याही दुकानात कॅमेरे आहेत. मागील वर्षी माझ्या मुलाने कॅमेऱ्यात पाहून एका मुलीला, तू दिवसातून तीनदा बसतेस, असे म्हटले. मी त्याला २०१९ मधली ती बाई आणि ते स्टूल यांची हकीकत सांगितली. त्याने काही उत्तर दिले नाही. आठ दिवसांनी काउंटरमागे चार स्टुले आली. बिल त्याच्या खात्यावर होते, म्हणून मी विचारले नाही.

मुकादमाच्या खात्यावर कापड देणे मात्र मी २०१९ पासून बंद केले. टोळीतल्या बाईने स्वतः यावे, स्वतः निवडावे, स्वतःच्या नावावर थोडी उधारी घ्यावी, असा नियम केला. धंदा कमी झाला. पहिल्या वर्षी तर बराच झाला, खोटे कशाला बोलू. काही मुकादम दुसऱ्या दुकानात गेले. त्यातली काही दुकाने आज या सभागृहात बसलेली आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. २०१९ पूर्वी मी त्यांच्याच जागी होतो. उधारी बुडाली का? थोडी बुडाली. मुकादमांकडे जेवढी बुडत असे त्याहून फार जास्त नाही. एका बाईचे अकराशे रुपये दोन वर्षे थकले होते, ते मागील पाडव्याला तिच्या मुलाने आणून दिले. पावती मागून घेतली त्याने.

माझे बोलणे लांबले, आणि घड्याळात साडेअकरा झाले आहेत. मघाशी सभागृहात येण्यापूर्वी मी मागे भोजनगृहात डोकावलो होतो. पहाटे चारपासून आचारी, पोळ्या लाटणाऱ्या बावीस बाया आणि वाढणारी मुले तिथे राबत आहेत. मी एका बाईंना विचारले, "मावशी, तुमची जेवणे कधी?" त्या म्हणाल्या, "तुमच्या समद्या पंगती उठल्यावर. चार वाजतील."

अध्यक्ष महोदयांशी मी त्या वेळीच बोललो. त्यांनी आणि खजिनदार बंधूंनी अनुमती दिली आहे. पहिली पंगत आता त्यांची बसेल, आपली त्यानंतर. वाढायला पंधरा-वीस जण लागतील. युवा मंडळातील त्या बंधूंनी आधीच हात वर केला आहे, बाकीच्यांनी माझ्याबरोबर मागच्या दाराने चलावे.

जय जिनेंद्र.